मामांची ॲडमिशन

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात अख्खा माणूस असा कधी पाहिलाच नाही. तुम्हा-आम्हाला रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की त्याचं नाव आठवतं, गाव आठवतं, त्याच्या घरचं लग्न आठवतं. मामांना आधी त्याची पोटरी दिसायची, मग मांडी, मग दंड, आणि तोंडाकडे पाहायची पाळी येईपर्यंत तो माणूस बहुधा निघून गेलेला असायचा. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणजे खरं तर स्नायू शिकवले. बाकीचं जीवशास्त्र पुस्तकात छापलेलं आहे म्हणून नाइलाजाने उरकलं. वनस्पतींवर तर त्यांचा रागच होता. "जागचं हालत न्हाई ते. त्याचं काय शिकवायचं?" असं म्हणून ते कॉलेजच्या कडुलिंबाखाली सावलीला बसायचे आणि तिथेच पोरांना दंडाचा स्नायू समजावून सांगायचे. ज्या लिंबाने सावली दिली त्याच्याकडे मान वर करून बघायचेही नाहीत.

माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही निलंग्याला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून मामा सोबत होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसली. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हे नेहमीचे प्रश्न बाकीच्यांनी विचारले. मामा गप्प. मला वाटलं, निभावलं. एवढ्यात ते म्हणाले, "बाळ, जरा टाचा उचलून उभी ऱ्हा बरं." मुलगी बिचारी उभी राहिली. मामा खुर्चीतून वाकून पाहत म्हणाले, "सोलियस लई सुंदर हाय." मुलीच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "डॉक्टरला दाखवावं लागंल का?" मामा खुशीत येऊन म्हणाले, "छे, छे. अवो, पोटरीतला आतला स्नायू तो. माणसाला उभं धरतो. हे लेकरू दिवसभर उभं राहिलं तरी थकायचं न्हाई." हे ऐकून माझ्या आईने डोक्याला हात लावला. लग्न मात्र जमलं. आजही नांदेडच्या आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली आणि मी बायकोला जरा बस म्हणालो, की ती म्हणते, "मी कशाला बसू? तुमच्या मामांनी पास केलंय मला."

मामांना सोबत घेऊन प्रवास करणं हे तर धाडसाचंच काम होतं. एकदा त्यांना लातूरहून नांदेडला आणताना अहमदपूरच्या पुढे माझी गाडी बंद पडली. शेतातून चौघे-पाचजण धावून आले, ढकलायला लागले. गाडी नुकती कुठे हलत होती, तोच मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "थांबा, थांबा. तुम्ही काय करून राहिलाव?" लोक म्हणाले, "गाडी ढकलतोय की." मामा म्हणाले, "हितंच चुकतंय. माणसाच्या अंगातला एकबी स्नायू ढकलत न्हाई. स्नायूला फक्त ओढता येतं. तुमचा दंडामागचा स्नायू कोपराचं हाड मागं ओढतो, म्हणून हात सरळ होतो, म्हणून गाडी पुढं जाती. म्हणजे तुम्ही ओढूनच राहिलाव." आणि त्यांनी एका पागोटेवाल्या बाबाचा हात धरून तो दुमडून-उलगडून दाखवायला सुरुवात केली. तो बाबा थोडा वेळ आपल्याच हाताकडे कौतुकाने पाहत राहिला, मग म्हणाला, "मास्तर, वढा न्हाई तर ढकला, पर आदी तुमचा हात लावा." मामांनी हात लावला नाही. ते बाजूला उभे राहून प्रत्येकाची पाठ न्याहाळत होते. गाडी चालू झाल्यावर आत बसले आणि म्हणाले, "त्या बाबाची पाठ काय होती रे. चित्रात काढल्यासारखी."

या सगळ्याचा खरा जाच कुणाला होता म्हणाल तर मामीला. शिकवणीची पोरं घरी यायची. अख्ख्या मराठवाड्यातून डॉक्टर व्हायला लातूरला आलेली ती पोरं ओसरीत दाटीवाटीने बसायची, आणि मामी आत भाकरी थापत असली की मामा सगळा वर्ग उठवून स्वयंपाकघराच्या दारात आणायचे. "बघा, खांदा बघा. आता मनगट बघा. पुढचा आखडला की मागचा सैल पडतो, मागचा आखडला की पुढचा सैल पडतो. दोघं एकदम आखडले तर हात जागचा हलणार न्हाई." मामी तव्यावरची नजर न काढता म्हणायची, "भाकर करपली तर तुमच्या ताटात." एकदा मामा पोरांसमोर फारच रंगात आले आणि म्हणाले, "संसाराचं बी तसंच असतं. एकानं आखडायचं, दुसऱ्यानं सैल सोडायचं." त्यावर मामीने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. "मग आखडायची माझी पाळी कधी येणार, ते बी सांगा पोरायला." पोरं हसली, मामाही हसले. मामीची पाळी येणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मामा निवृत्त झाले आणि एकाएकी व्यायाम करायला लागले. बैठका, जोर, सकाळी शाळेच्या मैदानावर चकरा. तूप बंद, पुरणपोळी बंद. मी नांदेडहून जाताना अर्धापूरची केळी न्यायचो, तेवढी मात्र चालायची, कारण केळ्याने पायात गोळे येत नाहीत. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला जगायची हौस आली. मामांचा बेत अगदी उलटा होता. एका दिवाळीला, सगळे जेवायला बसलेले असताना, मामीने त्यांच्या पानात करंजी वाढली. ती बाजूला सारत ते म्हणाले, "नको. मी देहदान करायचं ठरवलंय. पोरायला माझ्यावर शिकायचंय. चरबी वाढली तर खरडून खरडून बेजार होतील बिचारी. स्नायू कसा, स्वच्छ दिसला पाहिजे." कुणाच्याच हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. मामी उठून आत गेली आणि त्या दिवशी पुन्हा पंगतीत आली नाही.

तेव्हापासून त्या घरात एकच विषय होता. मामा नांदेडच्या मेडिकल कॉलेजात चौकशी करून आले. लातूरचं कॉलेज जवळ असताना नांदेड कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हितं माझेच विद्यार्थी शिकवायला हायेत. त्यांच्यापुढं उघडा पडू का?" कॉलेजात त्यांना सांगितलं, तुमची इच्छा ठीक आहे, पण शेवटी देह आमच्या हाती द्यायचा तो घरच्यांनी. घरचे राजी नसतील तर आम्ही आग्रह धरत नाही. म्हणजे सगळं येऊन थांबलं मामीच्या होकारावर. मामी म्हणायची, "अग्नी न्हाई, राख न्हाई, दहावा कशाचा करू? कावळ्यापुढं काय ठेवू? आन् पोरं तुम्हाला कापत बसणार, मी हितं भाकर खाऊ का?" मामा तिची समजूत काढायचे, पण तीही आपल्याच पद्धतीने. "अगं, मेल्यावर माणूस ताठतो, का ठाऊक हाय का? स्नायूला आखडून ऱ्हायला ताकद लागत न्हाई, सोडायला लागती. मेलेल्यात ती नसती. तुझ्यात हाय. सोड की आता." मामी म्हणाली, "मी काय धरून बसलेय का तुम्हाला?" आणि पदर डोळ्याला लावून गॅसकडे वळली.

पुढे पुन्हा एकदा त्या कॉलेजात जाऊन परतताना मामा माझ्याकडे उतरले होते. संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना मी जरा चिडूनच विचारलं, "मामा, खामखा म्हातारपणी मामीला का रडवून राहिलाव? हे नाही झालं तर तुमचं काय अडणार आहे?" बराच वेळ ते आपल्या पंजाची मूठ मिटत-उघडत राहिले. मग म्हणाले, "माझा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला रे. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं म्हटलं, तर घरी परिस्थिती नव्हती. मास्तर झालो. एवढी पोरं पाठवली तिकडं, पण मी कॉलेजच्या फाटकापासून परत यायचो. आत माझं काय काम? ह्या ॲडमिशनला मार्क लागत न्हाईत. फक्त तुझ्या मामीची मान हलली पाहिजे. मानेचे सगळे स्नायू धडधाकट हायेत तिचे. हलवत न्हाई." एवढं बोलून ते हसले. मला हसू आलं नाही. मामांचं स्नायूंचं वेड मला तोवर नुसती गंमत वाटायचं.

गेल्या वर्षी मामा गेले. हृदयाच्या स्नायूचं त्यांना जन्मभर कौतुक होतं. सुट्टी घेणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला ते ऐकवायचे, "त्याला बघ, दोन ठोक्याच्या मधी काय मिळंल तेवढीच विश्रांती." सकाळचा चहा पिता पिता त्याच स्नायूने त्यांना दगा दिला. मी नांदेडहून पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मामा ओसरीत होते. अंग त्या वयातही कसं पीळदार. मामी उशाशी बसली होती, आणि देहदानाचं नाव काढायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी मामीच्या भावाने, बिलोलीहून आलेल्या माणसाने, दबक्या आवाजात बाहेर निरोप दिला की बांबू आणि गोवऱ्या आणायला माणूस पाठवा.

"कुणी कुठं जाऊ नका," मामी म्हणाली. आवाज बसलेला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "नांदेडला फोन लाव. किती वाजेस्तोवर घेतात, ते इचार. उशीर झाला म्हणून परत पाठवायला नको. एकदा हुकलंय त्यांचं."

भाऊ काही बोलायला गेला. मामीने हाताने त्याला थांबवलं. "माझी पाळी हाय आता," एवढंच म्हणाली.

नांदेडला न्यायची गाडी आली. मामांना उचलायला आम्ही पुढे झालो, तेव्हा मामी म्हणाली, "जरा थांबा," आणि आत गेली. आम्हाला वाटलं, तुळस-पाणी आणायला गेली. ती वाटीत दही-साखर घेऊन आली. लातुरात परीक्षेला, कॉलेजला निघालेल्या पोराच्या हातावर घालतात तशी. मामांचा पंजा मिटलेला होता, तो उघडेना. तिने थोडा वेळ तो तसाच हातात धरला, मग बोटाने दह्याचा एक थेंब त्यांच्या ओठाला लावला.

"जावा आता," ती म्हणाली. "पहिला दिवस हाय. घाबरायचं न्हाई."