यादीत नाव नसलेल्यांसाठी

चौऱ्याण्णव साली अयोध्या नगरला लागून असलेल्या आमच्या टाउनशिपमध्ये सुमित्राबाई वऱ्हाडपांडे यांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. बाई काही मोठ्या साहेब नव्हत्या. पंप बनवणाऱ्या आमच्या छोट्या सरकारी कारखान्यात त्या संगणक विभागाच्या खिडकीवर बसायच्या, बस्स. पण कारखान्याचे सगळे आतले रिपोर्ट त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटात असायचे. किती माल गेला, किती नापास झाला, कोणत्या पाळीने काय घोळ घातला, सगळं त्यात. ते बघायची परवानगी अकरा जणांना. आणि बाकीच्या दोन हजारांना ते बघायची कोण हौस!

लोक काय काय करत! हळदीकुंकवाला आलेल्या बायका जाता जाता हळूच म्हणायच्या, "अहो, आमच्या ह्यांच्या सेक्शनचं तेवढं बघून सांगा ना." ऑफिसातले हिंदी बोलणारे लोक "मैडम, बस एक नज़र" करत खिडकीत डोकं घालायचे. बाई कुणाला कागदाचा कोपराही दाखवत नसत. पण नुसतं नाही म्हणून माणसाला हाकलणंही त्यांना जमायचं नाही. आधी म्हणायच्या, "तुमचं नाव यादीत नाही." आणि लगेच पुढे, "पण तुम्हाला नेमकं काय हवंय?" मग निघायचं असं, की त्या भल्या माणसाला अख्खा रिपोर्ट लागतच नाहीये, दोन आकडे लागतायत. ते कुणाकडे मागायचे, अर्जात काय लिहायचं, सही कुणाची घ्यायची, आणि साहेब जेवणाआधी चिडलेले असतात म्हणून तीननंतर जा, इथपर्यंत बाई सांगायच्या. निम्म्या लोकांची कामं होऊन जायची. उरलेल्यांना निदान घोडं कुठे अडलंय ते कळायचं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी भालचंद्र ठवरे खिडकीशी आला. मशीन शॉपच्या दुसऱ्या पाळीचा हा चार्जमन, म्हणजे पाळीवरचा मुख्य. हातात मेमो होता. पंपाच्या पोटातली सतरा चाकं मापाबाहेर कापली गेली, ती तुमच्या पाळीत बिघडली, शनिवारपर्यंत खुलासा द्या, असा मजकूर. मेमो दिल्याच्या दिवशीच त्याला पाळीवरून काढून दिवसपाळीत टेबलावर बसवलं होतं.

"वहिनी, आईशप्पथ सांगतो, ही चाकं माझी नाहीत," भालचंद्र म्हणाला. "वीस तारखेला फोरमनची मुलाखत आहे. हा डाग राहिला तर माझं नाव कटलंच समजा. तो रिपोर्ट एकदा बघू द्या ना."

तो रिपोर्ट सुमित्राबाईंनीच छापून, बांधून कपाटात ठेवला होता. त्यात सतरापैकी तेरा चाकं पहिल्या पाळीच्या नावावर होती. आणि पहिल्या पाळीचा चार्जमन अरविंद, त्यांचा नवरा. फोरमनची जागा एकच होती आणि तिच्यावर डोळा ठेवून होते ते हेच दोघे.

"तुमचं नाव यादीत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. आणि गप्प बसल्या.

त्यात खोटं काहीच नव्हतं. कुणी बोट ठेवावं असंही काही नव्हतं. भालचंद्र थोडा थांबला, पुढचं काही येईल म्हणून. आलं नाही. "बरं. तुम्हीच म्हणताय म्हणजे रस्ताच नसेल," असं म्हणून तो निघून गेला.

त्याने चार शब्द सुनावले असते तर बाईंना परवडलं असतं. त्याचा हा विश्वासच त्यांना झोंबला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, पण तो परत डब्यात टाकला. स्वतःचीच अशी चीड आली की डबा तसाच बंद करून त्या रणरणत्या उन्हात कँटीनकडे गेल्या. भालचंद्र मागच्या कडुलिंबाखाली एकटाच बसला होता.

"सकाळी मी अर्धंच सांगितलं," बाई म्हणाल्या. "रिपोर्ट मागू नका, तो मिळायचा नाही. मेमोचा नंबर घाला आणि लिहा, की माझ्यावर ज्या सतरा नगांचा ठपका आहे तेवढ्याच ओळींचा उतारा द्या. मेमो ज्याला मिळाला, त्याला तेवढा हक्क आहे. अर्ज तुमच्या साहेबांकडे नेऊ नका, थेट कार्मिक विभागात द्या. आजच, चारच्या आत. म्हणजे शुक्रवारी उतारा हातात पडेल."

"त्यात काय निघेल, वहिनी?"

"ते मी सांगू शकत नाही. तुम्ही अर्ज करा."

संध्याकाळी त्या क्वार्टरवर आल्या तेव्हा अरविंद व्हरांड्यात कूलरमध्ये पाणी भरत होता. चपला काढायच्या आधीच बाईंनी त्याला सगळं सांगून टाकलं.

"वा! घरचा माणूस दिसला नाही का गं तुला?" अरविंद उसळला. "यादीत नाव नाही म्हणालीस ना, तिथेच थांबायचं! कोण विचारणार होतं?"

"कुणी नाही. थांबलेच होते मी, आणि लाज वाटली मला त्याची," बाई म्हणाल्या. "तेरा चाकं तुमची आहेत, हे त्या कागदावर आहे. दिसू दे सगळ्यांना. चूक कुणाकडूनही होते. मेमो येईल, खुलासा द्याल, पुढच्या खेपेला फोरमन व्हाल."

अरविंदने नळ बंद केला. बाईंकडे न बघताच म्हणाला, "तेरा नाहीत. सगळी माझीच आहेत. चाकांवरच्या पाळीच्या चिठ्ठ्या बदलायला घेतल्या होत्या, चार झाल्या आणि भोंगा वाजला. मग ढीगच भालचंद्रच्या रॅकवर सरकवून दिला. मेमो काढणाऱ्यांनी नुसता रॅक बघितला."

नवऱ्याकडून चूक झाली असेल, इथवर बाईंनी मनाची तयारी केली होती. हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"अहो, माझ्या बाळंतपणात भाऊजींच्या रजनीने महिनाभर डबा पाठवलाय या घरी," त्यांचा आवाज चढला. "त्यांच्याशी असं वागायचं? सुचलं तरी कसं तुम्हाला?"

"फोरमन व्हायचं होतं," अरविंद म्हणाला. कूलरचं झाकण लावून त्यानेच विचारलं, "आता कुणाकडे, काय लिहून देऊ? तूच सांग."

"कार्मिकमध्ये उद्या लिहून द्या. पण आधी भाऊजींना तोंडाने सांगायचं. शर्ट घाला आणि चला."

ठवऱ्यांचं क्वार्टर दोन गल्ल्या सोडून होतं. दार रजनीने उघडलं. "या, या वहिनी! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. हे घरी आल्यापासून तुमचंच कौतुक चाललंय. घेतला हो अर्ज कार्मिकवाल्यांनी!" असं म्हणत ती चहा टाकायला वळली.

"वहिनी, चहा नको," अरविंद म्हणाला. "भालचंद्र, तू आधी ऐक."

दारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठ्यांचं सांगितलं, ढिगाचंही सांगितलं. रजनीने पदर तोंडाला लावला. अरविंदचं बोलणं संपल्यावर भालचंद्र सुमित्राबाईंकडे वळला.

"वहिनी, तुम्ही आत या," तो म्हणाला. अरविंदला त्याने या म्हटलं नाही.