चढावर लागणारा पिवळा दिवा

मिस्त्री मुळात तापट नव्हता. एका पांढऱ्या पिकअपने त्याला तापट केलं.

पत्र्याच्या शेडमध्ये तो एकोणतीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होता. शेड दोन गाड्यांपुरतीच होती. एका कडेला खाली उतरून काम करायचा खड्डा होता आणि भिंतीवर पाने आकाराप्रमाणे टांगलेले असायचे. गिऱ्हाइकं त्याला मिस्त्रीच म्हणायची; खरं नाव बायको चिडली की तेवढं ऐकू यायचं. गाडी दारात येईपर्यंत आवाजावरून तो तिचं दुखणं ओळखायचा, आणि या गोष्टीचा त्याला थोडा गर्वही होता.

पिकअप होती रोपवाटिका चालवणाऱ्या ताईंची. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, नखांत कायमची माती. रोज सकाळी कुंड्या आणि ओल्या मातीच्या गोण्या भरून त्या टेकडीवरच्या नव्या वस्तीत पोचवायच्या. चार महिन्यांपूर्वी चढावर पहिल्यांदा समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला आणि गाडीने दमच टाकला. मिस्त्रीने स्कॅनर लावला. कोड आला पी शून्य एकशे एकतीस. म्हणजे इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज कमी.

"सेन्सर गेलाय," मिस्त्री म्हणाला. नवा बसवला, कोड पुसला, गाडी गल्लीतून दोनदा फिरवली. दिवा बंद.

नवव्या दिवशी ताई परत हजर. "लागला तुमचा दिवा."

माझा कसा, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने दुसऱ्या कंपनीचा सेन्सर बसवला. आठवडाभरात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सायलेन्सरचे जोड तपासले, प्लग बदलले, पेट्रोलला शिव्या घातल्या. प्रत्येक वेळी शेडमध्ये गाडी अगदी गुणी बाळासारखी वागायची आणि चढावर गेली की घात करायची.

"मिस्त्री, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, चढावर होतं. तेही माल भरलेला असला की. तुम्ही रिकामी गाडी सपाटीवर फिरवता."

"ताई, कोड एकच आहे. सपाटीवर काय नि चढावर काय!"

"मग चालवा तुम्हीच. परवा अर्ध्या चढावर बंद पडली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. दोनशे रोपं उन्हात करपली माझी."

मिस्त्री आतून धुमसत राहिला. घरी जेवतानाही तो आमटीत नुसता चमचा फिरवत होता. "तो दिवा गॅरेजात ठेवून येत जा. ताटात कशाला आणता?" बायको म्हणाली. त्यावर तो तिच्यावर खेकसला. मग ती दोन दिवस त्याला पूर्ण नावाने हाक मारत होती.

चौथ्या खेपेला त्याचा तोलच गेला. "कोणीतरी अडाण्याने या गाडीत हात घातलाय," तो म्हणाला. "त्याशिवाय असं होणार नाही."

ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "सहा वर्षांत तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही."

त्याने स्कॅनर उचलला. "चला. भरा गाडी."

कुंड्या आणि गोण्या लादून झाल्या. ताई चालवायला बसल्या आणि मिस्त्री शेजारी, मांडीवर स्कॅनर, पायांत एक शेवंतीचं रोप. सपाटीवर सेन्सरचा आकडा नेहमीसारखा वरखाली होत होता. चढ लागला, ताईंनी गिअर खाली घेतला, इंजिन कण्हलं आणि आकडा धाडकन शून्यावर आला. दिवा पेटला. माथ्यावर पोचून गाडी सरळ होताच आकडा पुन्हा नाचायला लागला.

"बघितलंत?" ताई म्हणाल्या.

त्याने पाहिलं होतं. सेन्सर बिघडलेला असता तर माथ्यावर आपोआप बरा झाला नसता. गाडीने जोर लावला की काहीतरी हलत होतं, आणि हललं की काहीतरी कशाला तरी टेकत होतं. ताई चार महिने नेमकं हेच सांगत होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा!

शेडमध्ये आल्यावर इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. आता स्कॅनरवरचा आकडा एका जागी स्थिर होता. ताईंना स्कॅनर घेऊन वर बसवलं आणि मिस्त्री पहार घेऊन खड्ड्यात उतरला. गिअरबॉक्सखाली पहार घालून त्याने हळूच उचल दिली.

"शून्य!" वरून ताई ओरडल्या.

पहार सोडली. "आला परत!"

पुन्हा उचल. "शून्य!"

बॅटरीच्या उजेडात मग ती सापडली. सेन्सरची वायर गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला लोंबत होती. घासून घासून तिचं आवरण गेलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं; गिअरबॉक्स वर उचलला की ते त्याच्या धातूला टेकत होतं. वायर धरून ठेवणाऱ्या क्लिपची जागा रिकामी होती.

मिस्त्री खड्ड्यात तसाच उभा राहिला. अकरा महिन्यांपूर्वी क्लचचं काम करताना गिअरबॉक्स त्यानेच उतरवला होता. क्लिप तेव्हाच काढावी लागते. परत बसवायची राहून गेली होती. गप्प राहिला असता तर कोणाला कळलंही नसतं. वायरी घासतातच, जुनी गाडी आहे, इतकं म्हटलं की विषय मिटला असता. ते वाक्य त्याच्या तोंडात तयारही झालं होतं.

वर येऊन त्याने हात पुसले. "ताई, चूक माझी आहे. क्लच बदलताना मी क्लिप लावायला विसरलो. त्यानेच वायर घासली."

ताईंनी हातातला स्कॅनर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आणि अडाण्याचा हात कोणाचा म्हणाला होतात तुम्ही?"

"माझाच."

"चुकीचं मला काही नाही, मिस्त्री. चुका माझ्याही होतात. पण मी घसा फोडून सांगत होते आणि तुम्ही ऐकत नव्हतात, त्याचा मला राग आहे. आणि तो एवढ्यात जायचा नाही."

त्याने मान हलवली. वायर जोडली, वर नवं आवरण चढवलं, क्लिप बसवली, आणि दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता पुन्हा भरलेल्या गाडीतून चढ चढून आला. दिवा लागला नाही. पुढच्या दोन महिन्यांतही लागला नाही. ताई गाडी त्याच्याकडेच आणत राहिल्या, पण आता पूर्वीसारख्या खुर्चीवर बसत नसत. खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून तो काय करतोय ते बघत, आणि त्याला ते सोसावं लागे.

त्याच्या डोक्यातला भुंगा मात्र थांबेना. ताईंच्या गाडीचा क्लच बदलला त्याच महिन्यात त्याने आणखी दोन गाड्यांचे क्लच बदलले होते. त्याने दोन्ही मालकांना बोलावून घेतलं. पहिल्या गाडीत सगळं जागेवर होतं. दुसरी एका छायाचित्रकाराची. तो काम सोडून आला होता आणि सारखं घड्याळ बघत होता.

"काय झालंय माझ्या गाडीला?"

मिस्त्री खालून म्हणाला, "काही नाही. सगळं ठीक आहे."

"ठीक आहे? मग मला अर्धा दिवस कशाला बोलावलंत? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

मिस्त्रीने क्लिप एकदा बोटाने दाबून पाहिली, आणि मग दुसऱ्यांदा.