शेजारणीचं सुतक

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्शात माझ्या शेजारणीइतकी सुतकं कोणी धरली नसतील आणि तिच्याइतकी मोडलीही नसतील. कोणाचं सुतक किती दिवस, हे बाकीच्यांना भटजी सांगत. हिचं हीच ठरवी.

आमची माहेरं पेडण्याकडे, एकाच आंगणाची. तिचं लग्न इथे झालं आणि वर्षभरात तिने शेजारच्या घरातला मुलगा माझ्यासाठी धरून ठेवला. त्याला विचारलं, त्याच्या आईला विचारलं, मला विचारायचं तेवढं राहून गेलं. मी चौथी शिकलेली, पण चारचौघांत तोंड उघडायची नाही. ती शाळेत गेली नव्हती आणि दोघींच्या वाटणीचं बोलत असे. भाषेच्या भांडणाच्या दिवसांत कोणीतरी तिला विचारलं, तुम्ही मराठीवाले की कोंकणीवाले? ती म्हणाली, "देवाकडे मराठीत मागतंय, नवऱ्याक कोंकणीत गाळी घालतंय. दोगांकय कळता."

गोवा राज्य झालं त्या वर्षी आमचा पाववाला पोदेर वारला. हिने चूल पेटवली नाही. घरात सगळे उपाशी. सासू म्हणाली, "अगो, तो किरिस्ताव. तेचा सुतक आमका खंयचा?" ही म्हणाली, "रोज सकाळी तेचो पाव खाताना विचारलास, तो कोण ता?" सासूने चुरमुरे खाल्ले. पुढे म्हैस मेली तेव्हा तीन दिवस धरले. आणि नवऱ्याचा मुंबईचा चुलतभाऊ गेल्याचं पत्र आलं, दहा दिवसांचं खरंखुरं सुतक, तर हिने त्याच दुपारी बांगडे तळले. वास आमच्या ओसरीपर्यंत आला. नवरा ओरडला तर म्हणते, "जिवंत असताना एकदा तरी 'बरी आसस?' म्हणून विचारल्यान माका? मगे ह्या बांगड्यांनी काय वायट केल्यानी?" त्यातला एक बांगडा झाकून माझ्याकडे आला. मी भीतभीत खाल्ला, आणि चांगला लागला हेही सांगितलं पाहिजे.

ती गेली ती गणपतीच्या चवथीच्या आठ दिवस आधी. दोन दिवसांचा ताप, बस. तिच्या घरची चूल बंद, म्हणून पेज माझ्याकडून जाई. ती नेऊन पोचवणं एवढंच शेजाऱ्याचं काम. सुतक घरच्यांना आणि भाऊबंदांना. ज्यांनी तिला लग्नानंतर पाहिलंही नव्हतं, त्यांनी तिकडे मुंबईत दहा दिवस धरले. मला एकही नाही. मी आपली गणपतीवर टांगायच्या माटोळीला फळं आणायची, सारण भरून नेवऱ्या लाटायच्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी देवाची फुलं काढायला परडी पुढे केली. मी हात मागे घेतले.

"माका सुतक आसा."

"कोणाचा?"

"तिचा."

"खुळी काय? ती आमची कोण?"

मैत्रीण म्हटलं तर थोडं होत होतं आणि बहीण म्हटलं तर खोटं. पण परडी मी घेतली नाही. जन्मात पहिल्यांदा ह्यांना नाही म्हटलं. हे स्वतःच जास्वंदीकडे गेले. फुलांबरोबर चार कळ्याही तोडून आले.

भरल्या घरात एकटीलाच सुतक, असं गावात कधी झालं नव्हतं. मी मागच्या दारी बसून राही. चवथीला सुनेने नेवऱ्या तळल्या, अर्ध्या तेलात फुटल्या. हे फुटलेल्या तेवढ्या वेचून खात होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "कितके दीस आणखी?" मी दोन बोटं दाखवली.

आमचा गणपती पाच दिवसांचा. ती गेल्याच्या अकराव्या दिवशी न्हाऊन मी त्याच्या पुढ्यात जाऊन बसले. शेजारच्या घरात यंदा आरती नव्हती, त्यामुळे पुष्कळ शांत होतं. मागायचं काही सुचेना. माणसं देवाकडे घर मागतात, मुलं मागतात, नोकरी मागतात. शेजार मागायचं कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, तरी मला मिळाला, आणि इतकी वर्षं पुरला. तेवढं त्याला सांगितलं. मग उठले आणि उरलेल्या पिठाच्या नेवऱ्या लाटायला घेतल्या.