मामांचा हात आणि माझा जबडा

माझ्या बायकोच्या मामांच्या हाताखालून गेलं नाही असं एकही अंग धुळ्यात उरलेलं नसावं. मामा पेशाने मालीशवाले नाहीत. कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. पण माणूस समोर आला की त्यांना आधी त्याचे खांदे दिसतात, चेहरा मागाहून. आपण नमस्काराला वाकावं, तर आशीर्वादाचा हात डोक्यावरून मानेवर उतरतो आणि अंगठा दुखरी शीर धरून बसतो. माझ्या लग्नाच्या सकाळी ते जानवशावर काय हवं-नको विचारायला आले आणि मला पालथं घालून तिळाच्या तेलाने असं काही मळलं, की हळद अंगावर टिकेना. नवरदेवाच्या तोंडावर काय तेज आहे, असं सासरच्या बायका म्हणत होत्या. ते तेज नव्हतं, तेल होतं. एकदा कुणाच्या दहाव्याला गेले, तर तिथे मुंडन केलेल्या मुलाचं डोकं चोळायला घेतलं. तो आधी दचकला, मग हमसून रडला आणि शेवटी मामांच्याच मांडीवर झोपला. त्या दिवशी मामांना कुणी काही बोललं नाही.

हे सगळं थांबलं ते एका पायामुळे. गल्लीतल्या एका भाऊंचा सुजलेला पाय मामांनी मुरगळलाय म्हणून मनसोक्त चोळला आणि तो निघाला मोडलेला! भाऊंच्या ओरडण्याने गल्ली गोळा झाली. मामांच्या मुलाने त्याच संध्याकाळी हात जोडून सांगितलं, "बाबा, आता कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही." मामांनी ते निमूट ऐकलं. लोकही लांबूनच रामराम करू लागले. मामा खाईनात, बोलेनात, दिवसभर दोन्ही हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसून राहत. पुन्हा कुणी विश्वासाने अंग त्यांच्या हाती दिलं नसतं, तर ते तसेच विझून गेले असते, असं मला अजूनही वाटतं.

अशात माझी अक्कलदाढ काढावी लागली. हाडात आडवी रुतलेली, तेव्हा रीतसर ऑपरेशन झालं. गाल पुरणपोळीच्या गोळ्यासारखा टम्म फुगला आणि तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडू लागलं! बातमी कळताच मामा धुळ्याहून एसटीने जळगावात, आमच्या पिंप्राळ्याच्या घरी हजर झाले, पण हात पाठीमागे बांधून. बायको म्हणाली, "मामा, सूज उतरली की बाहेरून हलकं मालीश करा, असं डॉक्टरच म्हणाल्यात. तुम्हीच करा ना."

"मना हात आते कोणले चालत नही, पोरी," मामा म्हणाले. "ती डाक्टरीन माले समोर सांगी, तवय करसू."

म्हणून सूज उतरल्यावर तपासणीला मामांना सोबत घेऊन गेलो, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवायला. डॉक्टरीणबाई तरुण, पण शांत. त्यांनी स्वतःच्या गालावर दोन बोटं गोल फिरवून दाखवली. "जखमेच्या जागेला हात नाही. आधी गरम शेक, मग फक्त इथे, जबड्याच्या स्नायूवर. अगदी हलकं. जमेल ना, आजोबा?" मामांनी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली.

पण दोन बोटांनी आणि हलकं, ही मामांच्या सात पिढ्यांत न घडलेली गोष्ट! घरी आल्यावर त्यांनी सरावासाठी केळी मागवली. पिकलेल्या केळ्यावर बोटं फिरवायची आणि साल काळी पडली की जोर जास्त झाला, अशी त्यांची तालीम. आमच्या जळगावात केळ्यांना तोटा नाही. पहिल्या दिवशी सगळा घड काळाठिक्कर पडला आणि त्याची शिकरण मला पाजण्यात आली. शेवटी एक केळं पिवळंधमक राहिलं, तेव्हा मामा ते आरतीच्या ताटासारखं घरभर दाखवत फिरले आणि मगच त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

काय सांगू त्या हाताबद्दल! लग्नाच्या सकाळी मला मळणारा तोच हात आता दोन बोटांनी जपून फिरत होता. दर दोन फेऱ्यांनी, "दुखस का, जवाईबापू?" मी मानेनेच नाही म्हणायचो. हळूहळू दोन बोटं मावू लागली, मग भाकरीचा तुकडा, मग भरीत. मामाही माझ्या बरोबरीने जेवू लागले, शेजाऱ्यांशी गप्पा मारू लागले. आणि मला खरंच भीती वाटू लागली, की मी बरा झालो की हा माणूस पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसणार. म्हणून जबडा मोकळा झाल्यावरही मी तोंड वेडंवाकडं करत, "अजून ओढतंय हो," म्हणत राहिलो. बायकोने ओळखलं होतं, पण तीही रोज शेकाचं पाणी तापवत राहिली.

एका दुपारी शेक घेता घेता डोळा लागला आणि जाग येताना मला मोठी जांभई आली. पडजीभ दिसावी एवढी मोठी. डोळे उघडले तर मामा समोरच, तेलाची वाटी घेऊन. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा विचारत होता, बाबा, कधी येताय?

मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "आते जमत नही रे. जवाईनं तोंड आजून उघडत नही. मी काममा शे."

फोन ठेवून त्यांनी दोन बोटं तेलात बुडवली. मीही डोळे मिटले आणि तोंड जरा कमीच उघडलं.