न्हाणीची फरशी

"पाय ओला करा अन् ह्याच्यावर उभ्या राहा." मिस्त्रीचं पहिलं वाक्य हेच. लोटाभर पाणी फरशीवर ओतायचा, मागं सरकायचा आणि घरातल्या बाईची वाट बघायचा.

तुम्ही कारागीर पुष्कळ पाहिले असतील. दगड वाजवून बघणारे, नखानं खरडणारे. हाही ते करायचा. पण दगड निवडताना बाईला विचारणारा मी हा एकच पाहिला. म्हणायचा, "चालणार कोन? त्याला बोलवा."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. हसनाबादच्या आमच्या घरात शहाबादी फरशी बसवायची ठरली, म्हणून त्याला जालन्याच्या मस्तगडातून बोलावलं. न्हाणीसाठी त्यानं दोन फरश्या मांडल्या. एक घासून चकचकीत केलेली, एक खडबडीत. आधी मी उभी राहिले. चकचकीतवर माझा पाय सटकला. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्या खडबडीतवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पायाला धरून ठिवती." मग हसल्या. "लग्नात बी कुनी इतकं विचारलं न्हाई, बाबा."

तेवढ्यात आमचे मालक आले. त्यांना चकचकीतच हवी होती, एका आडत्याच्या घरात पाहिलेली.

"घरातल्या बायांचे पाय बघायला बोलावलं का तुला?"

"पाण्यानं ही घसरती, मालक. म्हातारी पडंल." मग तो माझ्याकडं वळला. "वहिनी, तुम्ही उभ्या राह्यल्या होत्या. सांगा की."

मी पदर ओढला. "मला काय कळतं त्यातलं," म्हणाले.

त्यानं थापी आणि ओळंबा पिशवीत टाकला आणि निघून गेला. खडबडीत फरशी गोठ्यात पडून राहिली.

दुसऱ्या गवंड्यानं चकचकीत बसवली. चौथ्या महिन्यात सासूबाई न्हाणीत पडल्या. खुबा मोडला. पुन्हा उठल्या नाहीत, वर्षभरात गेल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मालक सांगायचे, "त्या मस्तगडच्या मिस्त्रीनं निवडली फरशी." मी चहा देत होते आणि ऐकत होते. आमच्या भागात त्याला कुणी बोलावेना. मालकांवरचा माझा राग अजून जात नाही. स्वतःवरचा त्याहून जात नाही. ते खोटं बोलले, पण खरं मला माहीत होतं.

तेराव्याला भरल्या पंगतीत मी सांगितलं, फरशी मिस्त्रीनं नाही, ह्यांनी निवडली. मालक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं, घर शांत होतं.

मिस्त्रीला निरोप धाडला, ती खडबडीत बसवून जा. उलट निरोप आला, "वहिनीला म्हणावं, तुम्हाला बोलायला दीड वर्ष लागलं. मला यायला जादा लागंल."

तो आला नाही. मग मीच पहार घेतली, चकचकीत फरशी उखडली आणि त्याची बसवली. मला ते काम कुठलं येतंय. एका कोपऱ्यात अजून डुगडुगते. पण पाय घसरत नाही.