घट्ट बसा म्हणणारा

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तापानं फणफणलेल्या पोरीला मांडीवर घेऊन मी अमरावतीहून अकोल्याच्या मोटारीत बसले होते. खिडकीशी एक सुटाबुटातला अनोळखी माणूस होता. बसण्याआधी त्यानं रुमालानं सीट झटकली होती.

वाटेत नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या पुलावर, भर पाण्यात मोटार बंद पडली. पाणी पायरीला लागलं. बाया रडायला लागल्या, माणसं दाराकडं धावली. खिडकीशी बसलेल्या त्या माणसानं हात वर केला आणि म्हणाला, “सिट टाइट!”

“म्हंजे काय जी?” मी विचारलं.

“इंग्रजीत म्हणतात. घाबरून जागा सोडायची नाही. बसल्या जागी घट्ट बसायचं.”

त्याचं ऐकून सगळे बसले. पाणी आत शिरलं तसा तोच उठला. पोरीचा पाय बुटाखाली चेंगरत माझ्या मांडीवरून गेला, खाली उतरला आणि पुढचा काठ गाठला. पोर किंचाळली.

शेवटी इंजिन चालू झालं, मोटार काठाला लागली. तो परत आत आला, तोवर त्याच्या जागेवर मी पोरीला निजवलं होतं.

“काहून जी, तुमी त घट्ट बसणार होते ना?”

रुमालानं बूट पुसत तो म्हणाला, “बाई, ते दुसऱ्याला सांगायचं असतं.”

लाज नाही, हसू नाही. वाटेची माहिती सांगावी तसं बोलला. पाण्यानं हादरले नव्हते, तेवढी मी त्या बोलण्यानं हादरले.

मग त्यानं जागा मागितली. मी हलले नाही. अकोल्यापर्यंत तो उभा होता.