मोठ्या बाबांचा अंगठा

माझ्याच डाव्या खांद्यात गाठ धरली, आणि मी फिजिओथेरपिस्ट! बदनापुरात दवाखाना आहे माझा. दिवसभर लोकांचे आखडलेले स्नायू मोकळे करते. कुणाचाही डावा खांदा दाबताना मात्र वाटतं, समोर वडीलच पाठमोरे बसलेत.

स्वतःवर सगळं करून बघितलं. अल्ट्रासाऊंडच्या मशीननं शेक घेतला, दोन दिवस बरं वाटलं. मैत्रिणीकडून सुया टोचून घेतल्या, आठवडा बरा गेला आणि पुन्हा मानेपर्यंत ठणका. राहिला अंगठ्याचा दाब. तो आपला आपल्याला देता येत नाही. आणि गाठ अचूक हुडकणारा अंगठा आमच्याकडं एकाचाच, कुंभार पिंपळगावच्या पुंजारामांचा. माझे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ.

नऊ वर्षं मी त्यांच्या दारात गेले नव्हते. माझे वडील, कल्याण, डावा खांदा दुखतो म्हणून त्यांच्याकडं गेले होते. मोठ्या बाबांनी अर्धा तास दाबलं. वडील घरी आले आणि तासाभरात गेले. हार्ट अटॅक. तेव्हापासून मोठे बाबा कुणाच्या डाव्या खांद्याला हात लावत नाहीत. हट्टी म्हातारा!

म्हणून मी ईसीजीचा कागद घेऊनच गेले.

"हे बघा, हृदय बिलकुल ठीक आहे माझं."

त्यांनी कागद उलटा धरला, तरी कितीतरी वेळ बघत राहिले.

"दुसऱ्या कुणाला दाखव, माय. मला न्हाई जमायचं."

"सगळ्यांना दाखवून झालं. दाबता, का जाऊ?" मी चिडलेच.

ते माझ्या मागं बसले. अंगठा बराबर गाठीवर आला आणि दाबायला लागला.

"कल्याणलाबी इथंच दुखत व्हतं," ते म्हणाले. "पर त्याला गाठ नव्हती, तृप्ती. म्या लय चाचपलं. सापडलीच न्हाई."

मी मान वळवली. "मग दाबलं कशाला?"

"गाठ न्हाई म्हणून कसं सांगू? लोक कुठून कुठून यायचे माझ्याकडं. घाम फुटल्ता त्याला. म्या म्हणलं, उन्हानं असंल."

मला त्यांचा इतका राग आला की ओरडावंसं वाटलं. ताडकन उठून जायचं होतं. पण मागून त्यांचं रडणं ऐकू येत होतं, अंगठा दाबतच होता, आणि कितीतरी महिन्यांनी माझं दुखणं सुटत चाललं होतं. मी बसून राहिले.